चूल एक, माणसं किती?



चौथीला शिवरायांचा इतिहास शिकवताना पोर्तुगीज येतातच. आम्ही ठाकुर्लीचे, म्हणून मी मुलांना नकाशावर उल्हास नदी दाखवली. इकडे कल्याण, तिकडे ठाणे-वसई. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "बाई, पोर्तुगीजांच्या राज्यात एकूण किती माणसं होती?"

मी मोबाइलवर बघून एक आकडा सांगितला. लगेच दुसरा प्रश्न आला, "कोणी मोजली?"

मला उत्तर येईना. खरं सांगते, तो आकडा कुठून आला हे मी बघितलंच नव्हतं. घरी जाऊन वाचत बसले.

तिसरा जॉन हा पोर्तुगालचा राजा. त्याच्या काळात, 1527 ते 1532 दरम्यान, तिथे मोजणी झाली. पण माणसांची नाही, चुलींची! सुमारे 2 लाख 80 हजार चुली भरल्या. एका चुलीमागे 4 माणसं धरली तर 11 लाख 20 हजार होतात आणि 5 धरली तर 14 लाख. एका माणसाच्या फरकाने पावणेतीन लाखांहून जास्त माणसं वाढतात की नाही बघा!

हे झालं मायदेशाचं. समुद्रापलीकडे हिशेब आणखी अवघड. 1554 मध्ये सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्याने वसईसकट इथल्या मुलखाच्या उत्पन्नाची नोंद केली, पण ती नोंद पैशांची. मांडलिकांचं काय? होर्मुझला स्वतःचा राजा होता आणि तो पोर्तुगीजांना खंडणी द्यायचा. त्याची प्रजा धरायची की नाही? मुंबईचा आकडा तर वजाबाकीतून येतो. इंग्रज कंपनीचा डॉक्टर फ्रायर 1670 च्या दशकात इथे आला. मुंबईत 60 हजार लोक आहेत, पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षा 50 हजारांनी जास्त, असं त्याने लिहिलं. म्हणजे आधीचे उरले 10 हजार. पण लिहिणारा कंपनीच्याच पगारावर होता, हेही लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं आणि म्हटलं, चला, आपणही अंदाज काढू. शाळेसमोरच्या चाळीत 32 दारं. चारने गुणून 128, पाचने गुणून 160. चाळीतल्या मुलांनी संध्याकाळी घरोघरी विचारलं, तर निघाले 171. एका खोलीत गावाहून आलेले नऊ जण राहत होते. मुलं खूश!

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आम्हाला नाही धरलं."

त्याचे वडील चाळीमागच्या इमारतीच्या बांधकामावर आहेत. तिथेच ताडपत्री बांधून राहतात. आम्ही दारं मोजली होती आणि त्याच्या घराला दारच नव्हतं. दोन मिनिटं मला काही बोलता आलं नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला मी दारोदार फिरले आहे. अशी किती घरं माझ्याकडून सुटली असतील, हाच विचार मनात आला.

मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. ताडपत्रीखालच्या घरांतली माणसं त्याने नावं घेऊन मोजली, चौदा. 171 खोडून त्याने स्वतःच्या हाताने 185 लिहिलं. मग मुलांना विचारलं, पोर्तुगीजांच्या हिशेबात असं कोण सुटलं असेल? उत्तरं भराभर आली: होडीवरचे, रानातले, भटके. गोव्यातल्या पोर्तुगीज घरांत गुलाम असायचे. चारने गुणताना ते त्या चारांत येतात का?

आपल्या कल्याण-डोंबिवलीची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे 2011 नंतरचा जो आकडा आपण ऐकतो, तोही अंदाजच.

हा उपक्रम तुमच्या वर्गात जरूर करून बघा. पालकहो, तुम्ही घरीही करू शकता. आपल्या इमारतीची दारं मोजा, गुणाकार करा आणि मग मुलांना एकच प्रश्न विचारा, "यात कोण राहिलं?" वॉचमन काकांचं कुटुंब आठवलं, तर समजा धडा कळला.