नाली, व्यापार आणि अहिंसा



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत एक वेगळीच लगबग सुरू होते. धान्य निवडून, ऊन दाखवून ठेवले जाते. पाणी गाळण्याची कापडे बदलली जातात. हिरव्या भाज्यांचा त्याग कोणी किती दिवस करायचा, याची चर्चा होते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून जपणूकही अधिक, हा त्यामागचा विचार. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरी मात्र निराळ्याच विषयावरून वाद उभा राहिला. माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंचा मुलगा माझ्यासमोर एक कागद ठेवून म्हणाला, "काका, मला नाल्या, चेंबर आणि संडासाच्या टाक्या साफ करण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. कर्जाला तुम्ही जामीन राहाल का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तीन पिढ्या दुकान चालवले आपण," त्या म्हणाल्या. "मुलगा काय करतो असे लोकांनी विचारले तर मी काय सांगू? आणि अशा घरात मुलगी कोण देईल?"

मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते.

या विचाराचे मूळ त्याआधीच्या पावसाळ्यात होते. आमच्या गोडाऊनच्या टिनाच्या छताला दोन उतारांमध्ये एक पन्हाळ आहे. शेजारच्या पिंपळाची पाने आणि कबुतरांनी आणलेल्या काड्या यांनी ती तुंबली. पहिल्याच जोरदार पावसात पाणी बाहेर पडण्याऐवजी आत उतरले आणि मालाची खालची थप्पी भिजली. मागचे चेंबरही भरून वाहू लागले. नेहमीप्रमाणे एका मजुराला बोलावले गेले. रोजी ठरली, झाकण उघडले आणि तो कमरेपर्यंत आत उतरला. काही मिनिटांतच त्याचा तोल जाऊ लागला. पुतण्याने आणि हमालाने त्याला काखेत हात घालून वर ओढले. थोड्या वेळाने तो सावध झाला, चहा प्यायला, पैसे घेऊन गेला. आमच्यासाठी प्रसंग तेथेच संपला होता. पुतण्याच्या मनातून मात्र तो गेला नाही. "काका, तो मेला असता तर आपण त्याला काय म्हटले असते? अपघातच ना?" असे त्याने मला नंतर विचारले होते.

आम्ही त्या दिवशी जे केले तो गुन्हा होता, हे मला पुढे कायदा वाचल्यावर कळले. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गटारात किंवा मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास मनाई केली आहे. ही मनाई केवळ नगर परिषदेला किंवा ठेकेदाराला नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली.

हा मृत्यू कसा येतो, तेही समजून घेतले पाहिजे. बंद टाकीत मैला कुजत असतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात, आणि प्राणवायू कमी झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. थोडा असेल तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे आत उतरलेल्याला वाटते, आणि तेथेच घात होतो. वरचा सोबती त्याला वाचवायला उतरतो आणि तोही परत येत नाही. वर्तमानपत्रात अशा बातमीत बहुधा दोन-तीन नावे एकत्र असतात, त्याचे कारण हे.

पण वहिनींची दुसरी शंका कायद्याची नव्हती, धर्माची होती. "श्रावकाला पंधरा कर्मादाने वर्ज्य आहेत. तळी, सरोवरे आटवणे त्यांतच येते. मग नाली उपसणे त्याहून वेगळे कसे?"

प्रश्न योग्य होता. मी काही शास्त्राचा पंडित नाही. पण जे समजले ते त्यांच्यापुढे मांडले. सर-द्रह-तडाग-शोषण वर्ज्य आहे, कारण तेथे जिवंत जलाशय आटतो आणि त्यात वसणारे असंख्य जीव तडफडून मरतात. तुंबलेली नाली हा जलाशय नव्हे. ती आपल्याच प्रमादाने झालेली घाण आहे, आणि ती जितकी साचेल तितकी जीवोत्पत्ती व पुढची हिंसा वाढत जाईल. मुनींच्या पाच समितींमध्ये ईर्या, भाषा, एषणा आणि आदाननिक्षेपण यांच्यानंतर पाचवी उत्सर्ग समिती सांगितली आहे. शरीराचा मल कोठे आणि कसा टाकावा, कोणत्या जिवाला त्याने बाधा होणार नाही, याची काळजी म्हणजे ही समिती. मलविसर्जनासारखी गोष्टही आपल्या आचार्यांनी साधनेच्या बाहेर ठेवली नाही. आपण गृहस्थांनी मात्र बटण दाबले की आपली जबाबदारी संपली, असे धरले आहे.

हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. ती जपून, कमीत कमी व्हावी एवढाच आग्रह आहे. पण खाली विषारी वायू आहे हे ठाऊक असताना चार पैशांच्या लोभाने माणसाला उतरवणे, ही कोणत्या प्रकारची हिंसा? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये अतिभारारोपण आहे. बैलावर शक्तीपेक्षा अधिक ओझे लादू नये, हे आपण पाळत आलो. माणसावर लादलेले हे ओझे आपल्या हिशेबात कसे आले नाही?

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण विषय तोडलाही नाही.

आता एक कबुली देतो. २०१६ साली मी बँकेच्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. मुद्रा योजना आदल्या वर्षीच सुरू झाली होती. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नव्हते. सफाईच्या कामातला एक मनुष्य माझ्याकडे आला. ट्रॅक्टरवर बसवलेली मैला ओढण्याची जुनी टाकी त्याला विकत घ्यायची होती. मी विचारले, व्यवसायाचा अनुभव किती? तो म्हणाला, वीस वर्षे. मी म्हणालो, कागद दाखवा. त्याच्याकडे एकही कागद नव्हता. वीस वर्षे तो ज्यांच्याकडे उतरला, त्यांपैकी कोणीही त्याला कधी पावती दिली नव्हती. मी अर्जावर 'व्यवहार्य वाटत नाही' असा शेरा मारून तो परत केला. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका व्यापाऱ्याची मर्यादा मी फारशी चौकशी न करता वाढवून दिली होती. नियमाने मी चुकलो नव्हतो. तरीही त्या मनुष्याने अर्जाची घडी घालून ती खिशात ठेवली, ते दृश्य पुतण्याचा कागद हाती घेताच डोळ्यांपुढे आले.

व्यवहार्यतेचा प्रश्न म्हणून मी या वेळी नीट अभ्यास केला. मैल्याची टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावी, असे तांत्रिक मानक आहे. आपण ती तुंबेपर्यंत झाकणाला हात लावत नाही. समजा एका वस्तीत हजार टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांनी उपसायची आहे. मग वर्षाला सुमारे ३३३, म्हणजे रोज जवळजवळ एक टाकी होते. एवढे काम एका गाडीला पुरेसे आहे. आपल्याच महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या नगर परिषदांनी २०१८ च्या सुमारास हाच हिशेब अमलात आणला. प्रभागवार वेळापत्रक करून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची, काम खासगी ठेकेदाराने करायचे आणि मैला प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. ठेकेदाराचे पैसे अडकू नयेत म्हणून बँकेत वेगळे एस्क्रो खाते ठेवले गेले. बँकेच्या माणसाला यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. काम घाणीचे आहे म्हणून हिशेबही घाणेरडा असावा, असे काही नाही.

आणि लोकलाजेचे काय? आपल्या विदर्भाने या बाबतीत थोरामोठ्यांचे आचरण पाहिले आहे. विनोबाजी १९४६ पासून पवनारहून जवळच्या सुरगावला खांद्यावर फावडे घेऊन भंगीकामासाठी नित्य जात. गाडगेबाबांच्या हातातला खराटा तर सर्वांना ठाऊक आहे. पण आपले कामठी आणखी एक गोष्ट शिकवते. १८२१ साली कन्हानच्या काठी छावणी वसली, तिच्याभोवती बाजार वाढला आणि आपल्या पूर्वजांसारखे अनेक व्यापारी येथे स्थिरावले. याच गावात १९०४ साली बाबू हरदास जन्मले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून जग त्यांना ओळखते. पण विडी कामगारांना ठेकेदारांच्या जाचातून सोडवण्यासाठी त्यांनी संघटना बांधली, हेही त्यांचे मोठे कार्य. ठेकेदार आणि मजूर यांच्यातला व्यवहार न्यायाचा असावा, हा प्रश्न कामठीला नवा नाही. त्या काळी आपण व्यापारी कोणत्या बाजूला बसलो होतो, ते आपणच मनाशी तपासावे.

म्हणून मी पुतण्याला सांगितले, जामीन राहतो. पण माझ्या चार अटी आहेत.

पहिली, झाकणाच्या खाली माणूस उतरणार नाही. ओढण्याचा पंप आणि दाबाच्या पाण्याचे यंत्र यांनी जे होईल तेवढेच काम घ्यायचे. ग्राहक कितीही आग्रह करो, दुप्पट पैसे देवो, तरी नाही. हे वाक्य पावतीवर छापायचे.

दुसरी, पन्हाळी आणि छतावरचे पाण्याचे मार्ग मे महिन्यातच, कोरडे असताना झाडायचे. वाळलेल्या पानांत जीव कमी असतात. जुलैत त्याच पानांचा चिखल होऊन त्यात किडे, अळ्या आणि शेवाळ होते. वेळेवर केलेले काम हीच जयणा. घरट्यात अंडी किंवा पिल्ले दिसली तर ती उडून जाईपर्यंत तेवढा भाग सोडायचा.

तिसरी, उपसलेला मैला कन्हानच्या काठी किंवा कोणाच्या बांधावर रिता होणार नाही. कामठीच नव्हे, नागपूरचाही एक भाग याच नदीचे पाणी पितो. परवानगी असलेल्या केंद्रावरच गाडी रिती होईल आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत राहील.

चौथी अट त्याला अनपेक्षित होती. ज्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांना केवळ रोजीवर ठेवायचे नाही, भागीदारीत घ्यायचे. यंत्र आले, पैसा आला, की नफा आपल्याकडे आणि घाण त्यांच्याकडे अशीच वाटणी होणार असेल, तर आपण नवा व्यवसाय सुरू केलेला नाही, जुनाच ठेका घेतला आहे. केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या 'नमस्ते' योजनेचाही हेतू हाच आहे. सफाई कामगारांनी यंत्राचे मालक व्हावे म्हणून त्यांना भांडवली अनुदान मिळते. ते त्यांच्या नावे आहे, आपल्या नव्हे. त्यांना पुढे करून आपण घ्यायचे नाही, हेही मी बजावले.

मग मी २०१६ च्या त्या अर्जदाराचा शोध घेतला. गाव लहान आहे. दोन दिवसांत घर सापडले. त्यांचे काम प्रकृतीमुळे सुटले होते. त्यांनी मला ओळखले. मी क्षमा मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही निदान बसायला खुर्ची दिली होती." त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो. नाल्यांची वळणे, कोणत्या गल्लीत चेंबर कोठे दडले आहे, हे त्याला वडिलांकडून ठाऊक आहे. बरेच दिवस विचार करून तो तयार झाला. त्याचीही एक अट होती: फलकावर दोघांची नावे हवीत.

वहिनींचे मन अजून पूर्ण वळलेले नाही. मुलगा कामावरून आला की आधी स्नान, मग स्वयंपाकघर, हा त्यांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. परंतु या मे महिन्यात मंदिराच्या छतावरची पन्हाळ झाडायचे ठरले, तेव्हा दोघांचा डबा त्यांनीच भरला. विचारणाऱ्यांना त्या आता "मुलाचे यंत्राचे काम आहे" असे सांगतात. एखाद्या दिवशी पूर्ण वाक्य सांगतील, अशी आशा आहे.

या चातुर्मासात आपण पाणी गाळू, भाज्या निवडू, रात्रीभोजन टाळू. त्याबरोबर आपल्या घराच्या, दुकानाच्या आणि धर्मशाळेच्या मागे जे झाकण आहे, ते शेवटचे कोणी, कसे आणि किती पैशांत उघडले होते, हेही एकदा विचारावे, ही नम्र विनंती.

कर्जाचा अर्ज मंजूर झाला आहे. कर्जदाराच्या रकान्यात दोन नावे आहेत आणि जामीनदाराच्या रकान्यात माझी सही.