समतोल म्हणजे थांबणं नव्हे!

मंडळी, बारावीला घोकलेला ल शातेलिएचा नियम आठवतोय? तो आपल्या घाटकोपरच्या शेजारी, चेंबूरला राबतोय! १९७८ साली स्थापन झालेल्या आरसीएफच्या तिथल्या कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनतो. गंमत अशी, की बनलेला अमोनिया परत फुटतही असतो. दोन्ही वेग सारखे झाले की समतोल: धावपळ चालूच, पण अमोनिया काही वाढत नाही.

मग उपाय? वायू थंड करून अमोनिया द्रवरूपात काढून घ्यायचा, उरलेले वायू परत आत सोडायचे. अमोनिया कमी झाला की प्रक्रिया पुन्हा पुढे सरकते. त्यातूनच युरिया, आणि शेवटी आपल्या ताटातली पोळी.

आमच्या आयटीत काम अडलं की आधी माणसं वाढवतात. तयार झालेला भाग कस्टमरकडे पाठवा की राव, पुढचं सरकेल!