जेडचा कुंचला



चीनमधील जुन्या विद्वानांच्या अभ्यासिकेत चार वस्तूंना फार मान होता : कुंचला, शाईची कांडी, कागद आणि शाई उगाळायचा दगड. तिथली लिपी शतकानुशतके कुंचल्यानेच लिहिली गेली. साधा कुंचला म्हणजे बांबूची दांडी आणि टोकाला शेळीचे किंवा सशाचे केस. १९५४ साली चांगशा शहराजवळच्या एका प्राचीन थडग्यात सापडलेला, दोन हजारांहून अधिक वर्षे जुना कुंचलासुद्धा बांबूचा आणि सशाच्या केसांचाच आहे.

मग काही कुंचल्यांना जेडची दांडी कशासाठी? जेड म्हणजे आपण ज्याला यशब म्हणतो तो हिरवट-पांढरा दगड. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ‘लीजी’ या ग्रंथात सज्जनाच्या गुणांची तुलना जेडशी केली आहे आणि न शिकलेल्या माणसाची न घडवलेल्या जेडशी. उत्तम जेड खोतानच्या नद्यांमधून येई. हा दगड छिन्नीने कोरता येत नाही. ओल्या, कठीण वाळूने घासून घासूनच त्याला आकार द्यावा लागतो. १७५९ मध्ये सम्राट छ्येनलुंगने तो प्रदेश जिंकला, तेव्हापासून दरबाराकडे जेडचा ओघ वाढला. कुंचले ठेवायची भांडी, टेकू, कुंचले धुवायच्या वाट्या, सारे जेडमध्ये घडू लागले.

गंमत अशी की जेडची दांडी लिहायला सोयीची नाही. ती जड असते आणि हाताला गार लागते. चिनी सुलेखनात कुंचला उभा धरतात, पुष्कळदा मनगट कागदाला टेकवत नाहीत. अशा वेळी वजन लगेच जाणवते. आम्ही हिंदी शाळेत लाकडी तख्तीवर सरकंड्याच्या कलमाने लिहायचो (घरी आजी त्याला बोरू म्हणे). ते कलम हातात आहे की नाही हेही कळत नसे, म्हणून हा मुद्दा मला चटकन समजला. तेव्हा असे मौल्यवान कुंचले मुख्यतः मेजावर शोभायचे किंवा भेट म्हणून द्यायचे. वन चनहंग (१५८५–१६४५) या रसिक लेखकाने तर सोने, चांदी, हस्तिदंत, कासवाची पाठ अशा सगळ्या भपकेबाज दांड्या नापसंत केल्या आणि ठिपकेदार बांबूला पहिली पसंती दिली.

त्याचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण नाही. दसऱ्याला आपणही पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करतो. लेखनाच्या साधनाला मान द्यावासा वाटणे यात वाईट काही नाही. फक्त पूजेनंतर त्या पाटीवर पुन्हा लिहिले गेले पाहिजे.

सहाव्या शतकातील भिक्षू चिह्‌योंगची गोष्ट मुलांनी जरूर वाचावी. त्याने हजार अक्षरांच्या एका पाठाच्या आठशे प्रती लिहून देवळांना वाटल्या, असे परंपरा सांगते. लिहिता लिहिता झिजलेल्या कुंचल्यांच्या टोकांनी मोठमोठ्या टोपल्या भरल्या. शेवटी त्याने ती पुरली आणि त्या जागेला ‘कुंचल्यांची समाधी’ असे नाव पडले.

यंदा सुलेखन स्पर्धेतील विजेत्यांना मखमली पेटीतले भारी पेन द्यावे, असे काही पालकांनी सुचवले आहे. सूचना प्रेमाची आहे. पण सत्कारांत मिळालेली अशी दोन पेने माझ्या कपाटात पेटीसकट तशीच आहेत. म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी वेगळी सूचना ठेवणार आहे : त्याच रकमेत प्रत्येक स्पर्धकाला साधे शाईचे पेन, एक दौत आणि दोन दुरेघी वह्या. दौत रिकामी झाली की ती माझ्याकडे आणून दाखवावी, दुसरी शाळेकडून मिळेल.