उकाडा ओळखीचा, शहर अनोळखी

अमेरिका म्हटली की अजूनही आपल्याकडे बर्फच आठवतो. म्हणूनच २०२३ साली लग्न होऊन टेक्सासमधील ह्यूस्टनला निघालेल्या डोंबिवलीच्या एका मुलीच्या बॅगेत आईने दोन जाड स्वेटर कोंबले होते. विमानतळाबाहेर पाऊल टाकले, तर दमट हवेने चष्म्याच्या काचाच धूसर झाल्या! मे ते सप्टेंबर या शहरात पारा पस्तिशीच्या आसपास असतो आणि जवळच्या आखातावरून बाष्प येतच राहते. 'हा तर आपलाच उकाडा,' म्हणून ती हसली.

पण साम्य तेवढेच होते. डोंबिवलीत उकडू लागले की माणसे गॅलरीत, गच्चीवर येतात. ह्यूस्टनमध्ये ती आत जातात आणि दार लावून घेतात. घर, गाडी, ऑफिस सारे वातानुकूलित. या शहराने १९६५ साली 'अ‍ॅस्ट्रोडोम' बांधून बेसबॉलचे मैदानसुद्धा थंडगार छपराखाली नेले. डाउनटाउनच्या इमारती तर जमिनीखालून सुमारे दहा किलोमीटरच्या भुयारी वाटांनी जोडल्या आहेत. रस्त्यावर माणूस दिसणार कसा? आईचे स्वेटर मात्र वाया गेले नाहीत. मॉलमध्ये ते घातल्याशिवाय बसवत नसे.

नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की तिचा दिवस संपता संपत नसे. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. गाडी येत नव्हती आणि बसथांब्यापर्यंत भर दुपारी चालत जाणे म्हणजे शिक्षाच. खमंग फोडणी दिली की धुराची घंटा केकाटू लागे. कपडे अंगणात वाळत घालायला वसाहतीच्या नियमांची आडकाठी. आईला ती फोनवर 'मजेत आहे' म्हणून सांगे. आईला ते पटत नसे, पण तीही तसे बोलून दाखवत नसे. 'अमेरिकेत राहते, तिला काय कमी?' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी एक ऑगस्ट तिथे एकट्याने काढून पाहावा!

अखेर तिने गाडी शिकायचे ठरवले. नवऱ्याकडून शिकताना व्हायची ती भांडणे झाली, पण परवाना मिळाला. मग हिलक्रॉफ्ट भागातली भारतीय दुकाने, वाचनालय अशी एकटीने ये-जा सुरू झाली. शेजारच्या व्हिएतनामी आजींशी मात्र ओळख हात हलवण्यापुरतीच होती. कुंपणावर कारल्याचा वेल दिसे, आजी क्वचितच दिसत.

८ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ आले आणि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. दुपारपर्यंत बंद घरांच्या भट्ट्या झाल्या. खिडक्या उघडल्या, खुर्च्या अंगणात आल्या आणि वर्षभरात न दिसलेली माणसे प्रथमच दिसली. हिच्याकडे गॅसची शेगडी असल्याने गल्लीभर चहा आणि खिचडी गेली. आजी एकट्याच राहतात, हे तेव्हा कळले. उन्हाने त्यांना घेरी येऊ लागली, तेव्हा हिने त्यांना गाडीत बसवले, एसी लावला आणि वीज असलेला भाग शोधत पार तासभर गाडी चालवली. एका हॉटेलात गार पाणी मिळाले, तेव्हा कुठे आजींचा चेहरा पूर्ववत झाला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी परतीच्या वाटेवर आजी अखंड बोलत होत्या.

पाचव्या दिवशी वीज आली. खिडक्या पटापट लागल्या आणि गल्ली पुन्हा ओस पडली. दोन दिवसांनी दार वाजले. दारात आजी उभ्या होत्या, हातात पिशवीभर कारली आणि चहाचा रिकामा कप.