एक्सेल, अंतरपाट आणि कानपिळी

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि फोटोग्राफर ठरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. घरात लॅपटॉपवाला मी एकटाच ना!

माझ्या डोक्यात पुण्याचा 'कँडिड'वाला होता. बाबांचं मत वेगळं. नागापूरला एमआयडीसीच्या रस्त्यावर एक छोटा स्टुडिओ आहे. बाहेर 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' अशी पाटी, आत निळा पडदा आणि एक कंगवा. बाबांच्या कंपनीतल्या अर्ध्या लोकांच्या आयकार्डावरचे फोटो याच माणसाने काढलेले. बाबा म्हणाले, "त्याला माणसं कळतात." मी मनात म्हटलं, आयकार्डावर सगळेच चोर दिसतात, आणि याला म्हणे माणसं कळतात! पण बाबांपुढे कोण बोलणार.

मग मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. एक्सेल शीट. एकूण ८४ पोझेस, प्रत्येकीला नंबर, शेजारी इंटरनेटवरून उचललेला नमुना फोटो, आणि शेवटचा कॉलम 'स्टेटस'. (हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलं असतं.)

त्याने प्रिंटआऊट शांतपणे चाळला आणि विचारलं, "साहेब, यातली ही माणसं कोण?"

"कोण म्हणजे? मॉडेल आहेत."

"मग तुमची माणसं कोणती ते सांगा ना. आणि कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाही, तेही सांगा."

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. आमच्यात सांगण्यासारखं एक होतंच. बाबा आणि काका, सख्खे भाऊ, शेताच्या वाटणीवरून आठ वर्षं बोलत नव्हते. काका लग्नाला येणार होते, पण येणार म्हणजे अक्षता टाकून जाणार. मी ते कसंबसं सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. कागदावर काहीही लिहून घेतलं नाही, त्यामुळे माझं टेन्शन आणखी वाढलं.

लग्नाच्या दिवशी मी त्याच्या मागे सावलीसारखा. "दादा, एकोणीस राहिला." "दादा, सव्वीस हॉरिझॉन्टल हवा." शेवटची मंगलाष्टका सुरू झाली तेव्हा तो अंतरपाटाच्या बाजूला जागा धरून, श्वास रोखून उभा होता. मला आठवला नंबर एकतीस, 'अक्षता टाकणारी गर्दी'. मी त्याचा दंड धरून त्याला गर्दीकडे वळवलं. ताशा वाजला, अंतरपाट बाजूला झाला आणि बहिणीने पहिल्यांदा वर पाहिलं. कॅमेरा माझ्या आज्ञेनुसार गर्दीकडे होता. एकतीस नंबर झाला. अंतरपाटाचा क्षण गेला तो गेलाच. आपल्याकडे कंट्रोल-झेड असतं, मंगल कार्यालयात नसतं.

तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी शीट घडी घालून खिशात टाकली आणि गपचूप पंगतीची व्यवस्था बघायला गेलो.

थोड्या वेळाने भटजींनी हाक मारली, "मुलीचा भाऊ कुठाय? कानपिळी!" आता नवरदेवाचा कान पिळायला मीच हवा होतो. दोन्ही हात कामात, तोंडावर उसनं अवसान, सगळे हसतायत. त्या दोन मिनिटांत मला सूचना देणं शक्यच नव्हतं.

महिन्याभराने अल्बम आला. कानपिळीच्या फोटोत मी आणि नवरदेव पुढे, थोडे धूसरच. फोकस आमच्या मागे. तिथे बाबा आणि काका एकाच वेळी खो खो हसतायत, आणि काकांचा हात बाबांच्या खांद्यावर आहे. माझी पाठ त्यांच्याकडे होती, मला पत्ताच नाही. माझ्या ८४ ओळींत ही ओळ नव्हती, असूच शकत नव्हती.

पिक्चरसारखा शेवट हवा असेल तर सॉरी. दोघे अजूनही बोलत नाहीत. पण बाबांनी त्या फोटोची मोठी प्रिंट करून हॉलमध्ये लावली आहे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "फोटो चांगला आलाय."

नंतर कुतूहल म्हणून कायदा पाहिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे फोटो आपला. पण त्यामागची नजर काही आपल्या मालकीची होत नाही. ती त्या दिवसापुरती उसनी मिळते, तीही आपण दंड सोडला तर.

दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटोग्राफर होते. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो अशी भीती तेव्हा लोकांना वाटायची. आता आपल्याला उलटी भीती वाटते, की आपण ठरवलेलं यातलं काही निसटेल.

तर आपल्या भाषेत सांगायचं तर हे एसक्यूएलसारखं आहे. काय हवं ते नीट लिहा, ते कसं आणायचं हे डेटाबेसला ठरवू द्या. फोटोग्राफरला माणसांची यादी जरूर द्या: आजी, आत्या, कोण कोणाचं, कोणाचं बिनसलंय. विधींचा क्रम आणि वेळा सांगा. अल्बमची पानं, तारीख, पैसे कागदावर घ्या, फोटो दोन ठिकाणी ठेवायला सांगा. निवडक वीस फोटो बघून भुलू नका, एका लग्नाचा अख्खा अल्बम बघा, म्हणजे भरवसा टाकायचा की नाही ते कळेल. आणि एकदा टाकला, की त्याच्या पाठीमागे उभं राहू नका.

ती एक्सेल अजून माझ्याकडे आहे. 'अंतरपाट' चौदाव्या ओळीत होता. स्टेटस: पेंडिंग.