पंपरनिकेल पंडितांचा पाठभेद

मित्राच्या कवितेतल्या लंगड्या ओळी दाखवायला माणसाने किती खटाटोप करावा? सी. एस. लुइस यांनी त्यासाठी चक्क पंडित जन्माला घातले.

१९२९च्या डिसेंबरात टॉल्किन यांनी आपलं ‘ले ऑफ लेथिअन’ हे अपुरं दीर्घकाव्य त्यांना वाचायला दिलं. मर्त्य बेरेन आणि अमर लूथिएन यांची प्रेमकथा, यमकबद्ध, हजारो ओळींची. लुइस आणि टॉल्किन दोघेही ऑक्सफर्डला शिकवणारे. मैत्री तशी नवीच. लुइस रात्री उशिरापर्यंत वाचत बसले, दुसऱ्या दिवशी पत्राने आनंद कळवला आणि पुढे सविस्तर टिपणं पाठवली. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकटीच मोठ्याने हसले. कारण त्यांत हे काव्य फार प्राचीन आहे, अनेक पोथ्यांतून उतरत आलंय, कवी केव्हाच काळाआड गेलाय, आणि पीबॉडी, शिक, पंपरनिकेल असे विद्वान त्याच्या एकेका ओळीवरून भांडताहेत! पंपरनिकेल हे खरं तर राईच्या काळ्या जर्मन पावाचं नाव. एखादी ओळ फसली? छे, मूळ कवी असं लिहील कसा. ही नक्कल करणाऱ्याची डुलकी. मजकूर सैल पडला? मग तो मागाहून कुणी घुसडला असणार. वर लुइस स्वतः रचलेली ओळ ‘दुसऱ्या पोथीतला पाठ’ म्हणून हळूच पुढे सरकवणार.

लेकी बोले सुने लागे, आणि सुनेला लागलंही. खटकलेल्या जवळजवळ सगळ्या जागांवर टॉल्किन यांनी दुरुस्तीच्या खुणा केल्या, कित्येक ओळी नव्याने लिहिल्या. गंमत म्हणजे हेच लुइस पुढे म्हणत, की टीका ऐकून टॉल्किन दोनच गोष्टी करतात: एक तर तिच्याकडे दुर्लक्ष, नाहीतर सगळं पहिल्यापासून पुन्हा.

नेमक्या त्याच वर्षांत पुण्याला भांडारकर संस्थेत सुकथनकर महाभारताच्या पोथ्या समोर मांडून, अगदी गंभीरपणे, प्रक्षिप्त काय आणि मूळ काय याचा निवाडा करत होते. त्याही आधी, शके १५०६मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा बोल लावला तो पाठांतरांना, ज्ञानदेवांना नव्हे. लुइस यांनी ही अदब जिवंत माणसाला दाखवली, तीही त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजात बसलेल्या.

अद्‌भुतकथेला तर हीच अदब लागते, असं माझं मत. ‘छान जमलंय’ने लिहिणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. ‘असं कुठे असतं का?’ हा प्रश्न तर मला अडाणीच वाटतो. आधी मान्य करावं की असतं. मग हिशेब मागावा. हे टॉल्किन यांना उलट दिशेने जमलं नाही. लुइस यांच्या नार्नियाच्या अद्‌भुतकथा त्यांना मुळीच रुचल्या नाहीत आणि त्यासाठी त्यांनी एकही पंपरनिकेल खर्ची घातला नाही.

माझ्या भाचीने परवा एक प्रसंग वाचायला पाठवला. कर्जापोटी सावल्या गहाण ठेवणारं गाव. सावकार कुळाला उन्हात उभं करतो, टाचेजवळ कात्री लावतो, सावलीची घडी घालतो आणि ट्रंकेत ठेवतो. घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्यांवर मी जाम खूश झाले. ‘अंगावर शहारा आला’ दोनदा आलं होतं. त्यातलं एक नकलनविसाच्या माथी मारून खोडलं. मग विचारलं, ‘सावली हातावर मोजून घेतो ना? मग शहाणं कूळ भर दुपारीच येईल. वीतभर देऊन मोकळं.’

‘मावशी, म्हणून तर त्याची पेढी दिवस कलल्यावरच उघडते,’ तिने तडक उत्तर दिलं. मजकुरात हे कुठेच नव्हतं, पण आता येईल.

मी म्हटलं, आपल्याकडे मे महिन्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली बुडाबाहेर पडत नाही. त्या क्षणी ट्रंकेतल्या घड्यांचं काय होतं? हे तिने मनावर घेतलं. अख्खं प्रकरण मे महिन्यात हलवायचं म्हणते. व्याजाचं मात्र अजून मिटलेलं नाही. मी दरमहा शेकडा दोन सुचवलं. ती म्हणते, सावकार आहे तो, पतपेढी नाही.