महाल कुणाचा?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने जो कोणी एकदा तरी गेला असेल, त्याने चांदबिबीचा महाल पाहिलेला आहे. निदान त्याची तशी समजूत आहे. शहर मागे पडले, की डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली, घुमटाची दगडी इमारत दिसू लागते. गाडीने कितीही वळणे घेतली तरी ती आपली दिसतच राहते. आम्हां तिसगावकरांच्या लेखी तर ती घड्याळाच्या जागी आहे. गावाकडून येताना ती दिसली, की नगर जवळ आले म्हणून पिशव्या आवरायच्या. परत जाताना ती नाहीशी झाली, की करंजीचा घाट येईतो खुशाल डुलकी काढायची. २०२४ मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले. गाड्यांवरच्या पाट्या बदलल्या. पण डोंगरावरच्या त्या इमारतीला म्हातारी माणसे अजूनही नुसते 'चांदबिबी' म्हणतात, जणू ती बाईच तिथे उभी आहे.

यातली गंमत अशी, की तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती कबर आहे, आणि ती सलाबतखानाची. पुरातत्त्व खात्याच्या यादीतही तिचे नाव तसेच आहे. सलाबतखान हा मूर्तझा निजामशहाचा कारभारी. राजा स्वतः लोकांना तोंड दाखवायला नाखूश, तेव्हा राज्य बरीच वर्षे याच गृहस्थाने चालवले. नगरजवळच्या फराहबागेचे काम त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरे झाले. शेवटी राजाची मर्जी फिरली आणि एवढ्या कर्तबगार माणसाला कैद भोगावी लागली. मृत्यूनंतर मात्र जागा अशी मिळाली, की साऱ्या मुलखावर नजर राहावी. आणि एवढे करून लोकांनी ती देऊन टाकली दुसऱ्याच कुणाला!

इतिहासाच्या अध्यापकांना अशा गोष्टींचा राग येतो. मी पडलो मराठीचा अध्यापक. चुकीचे नाव जेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तेव्हा ते चूक म्हणून सोडून देववत नाही. ते का टिकले, हा किडा डोक्यात वळवळत राहतो.

मला याचा उलगडा माझ्या आत्यामुळे झाला. आत्या चार इयत्ता शिकलेली. विशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आमच्या तिसगावला जुन्या दगडी वेशी आहेत. आत्या म्हणायची, "वाजतगाजत वेशीभाईर गेले, न मुक्यानं वेशीत आले." पुढची चाळीस वर्षे तिने आमचे घर सांभाळले. आम्हा भावंडांची आजारपणे काढली, दुष्काळात गुरे जगवली, वडील आणि काका यांच्यात बोलणे नव्हते तेव्हा दोन्ही घरची ताटे वाढली. वाटण्या झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे तिने हक्कसोड करून दिली. पाथर्डीला जाऊन आली, एक लुगडे मिळाले, सातबाऱ्यावर तिचे नाव लागले नाही ते नाहीच. आमच्याकडे याला कुणी अन्याय म्हणत नाही. चालरीत म्हणतात. मला हा शब्द फार सोयीचा वाटत आला आहे. तो वापरला की कुणाचेच नाव घ्यावे लागत नाही.

मी कॉलेजात असताना सुटीत तिला चांदबिबीची गोष्ट वाचून दाखवली होती. आत्या गहू निवडत होती. हुसेन निजामशहाची ही लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. १५८० मध्ये ती विधवा झाली. गादीवर बसवलेला दिराचा मुलगा इब्राहीम अवघा नऊ वर्षांचा. त्याच्या वतीने तिने कारभार पाहिला, आणि त्यापायी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदही सोसली. पुढे ती माहेरी, नगरला आली. तिथे भाऊबंदकी माजलेली, आणि गादीचा वारस बहादूर हा भाच्याचा तान्हा मुलगा.

"म्हंजी आत्याच की ती," आत्या म्हणाली आणि सूप खाली ठेवले.

ही गोष्ट मी पुस्तकात कितीदा वाचली होती. पण चांदबिबी कुणाची तरी आत्या आहे, हे मला त्या सुपापाशी बसून कळले. १५९५च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा देऊन बसला. तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी त्यांतले काही शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. भलेभले सरदार पळायच्या बेतात असताना चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन, नंगी तलवार हातात धरून त्या खिंडारात उभी राहिली. अंधार पडेपर्यंत मोगलांना आत येऊ दिले नाही, आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. लोखंडाचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग रुप्याची, मग सोन्याची नाणी तोफांत भरली, असे लोक सांगतात. हे ऐकून आत्या म्हणाली, "आन् सोनं तिचं सोताचंच आसंल." शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला. मुलूख गेला, गादी वाचली.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी निभाव लागत नाही, हे तिने ओळखले. किल्ला देऊन मुलाला सुखरूप जुन्नरकडे काढावे, असा तिचा विचार होता. तेवढ्यावरून 'बाई फितूर झाली' अशी हाकाटी पिटली गेली आणि तिच्याच माणसांनी महालात शिरून तिला ठार केले. १६०० च्या ऑगस्टात किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

हा किल्ला पुढे अनेकांनी पाहिला. १८०३ मध्ये तो वेल्स्लीने घेतला. १९४२ पासून तिथे नेहरू, पटेल, आझाद असे बारा पुढारी कैदेत होते. नेहरूंनी आपला भारताचा शोध तिथेच लिहिला; बागेसाठी जमीन खणताना त्यांना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, आणि आरंभीच्या पानांत त्यांनी चांदबिबीची आठवण काढली आहे. पण ज्या तटासाठी ती उभी राहिली, त्या किल्ल्याला कुणी चांदबिबीचा किल्ला म्हणत नाही. तो नुसता भुईकोट, लष्कराच्या ताब्यातला. तिला तिथे वाटा नाही. लोकांनी मग डोंगरावरचे परक्याचे घर तिच्या नावे केले. माझा हा तर्क इतिहासाच्या परीक्षेत टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. वर्गात मी मुलांना बजावतो, की उत्तरपत्रिकेत सलाबतखानच लिहा; त्या बिचाऱ्याचेही कुणी तरी राहिले पाहिजे.

आत्या साठीला आली तेव्हा मी तिला डोंगरावर घेऊन गेलो. वरपर्यंत सडक आहे. वारा असा, की पदर डोक्यावर ठरेना. तिने येताना कुणाला न सांगता पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ आणले होते. लेकीची ओटी भरायला निघालेली बाई ती, तिला आत नेऊन कबरी कुणाच्या हे सांगणे माझ्या जिवावर आले. पण तिनेच विचारले, आणि मी सांगितले.

"मंग तिला कुठं ठिवली?"

"इराणात मशहद म्हणून गाव आहे. तिथं नेली असं म्हणतात."

"तिथं कोण व्हतं तिचं?"

मी काहीच बोललो नाही. आत्या बाहेरच्या कमानीत येऊन उभी राहिली. खाली मैलोगणती रान उघडे पडले होते आणि पलीकडे धुरकट असे नगर दिसत होते. किल्ला कोणत्या अंगाला आहे, असे तिने विचारले. मी बोटाने दाखवले. तिने खण आणि नारळ तिथेच उंबऱ्यावर ठेवला, आणि मूठभर तांदूळ घेऊन त्या दिशेला टाकले.